यंत्रं झोपवणारा गिरीश

गिरीश चिंचोले माझ्या घरी यायचा तेव्हा चपला काढण्याआधी पंखा बंद करायचा. दार लोटलेलं असलं की आधी त्याचा हात आत यायचा, भिंतीवरून चाचपडत बोर्डापर्यंत जायचा, खट्‌कन आवाज व्हायचा आणि मग त्या हातामागून गिरीश. मी पंख्याखाली बसलेलो दिसलो तर ओशाळून परत लावायचा. पण मी न्हाणीत असलो आणि हॉलमध्ये पंखा नुसताच फिरत असला, की त्याच्या देखत कोणी दूध ओतून दिल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. मग तो न्हाणीच्या दारावर टकटक करून विचारायचा, "काका, हॉलमधला पंखा कोन धरून हाये?"

"अरे, पंखा कोणी धरतं का?"

"कोनीच नाही नं? मंग सोडा त्याले!"

अंगाला साबण लावलेल्या माणसाला दारातून असला प्रश्न विचारणारा इसम बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. मी चौतीस वर्षं इथल्या कोर्टात काढली, शेवटची काही शिरस्तेदार म्हणून. विक्षिप्त माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. बांधावरच्या बाभळीच्या एका फांदीसाठी अठरा वर्षं तारखांना येणारे दोन सख्खे भाऊ पाहिलेत, आणि ती फांदी पडल्यावर आता भांडायचं कशावरून म्हणून रडणारेही तेच. पण त्या सगळ्यांना काहीतरी हवं असायचं. गिरीशला काहीच नको होतं. जे चालू आहे आणि कोणाला लागत नाही, ते बंद व्हावं, एवढीच त्याची जगाकडून अपेक्षा होती.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये कमरेएवढी एक भिंत. तिकडे गिरीश आणि त्याची आई, कमलवहिनी. इकडे मी आणि माझी बायको. गिरीशचे वडील गेले तेव्हा तो पुण्यात मोठ्या कंपनीत होता. आई एकटी पडली म्हणून बिऱ्हाड गुंडाळून आला आणि वरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसला. वय चव्वेचाळीस, लग्न नाही, आणि धंदा काय हे कॉलनीला शेवटपर्यंत समजलं नाही. समोरच्या मास्तरांनी एकदा त्याच्याकडे मिक्सर दुरुस्तीला आणला होता. गिरीशनं तो दुरुस्त करून दिला, वर मास्तरांना तंबी दिली की वापरून झाल्यावर प्लग काढत जा.

मला मात्र त्यानं एकदा नीट समजावून सांगितलं.

"काका, कॉम्प्युटरच्या आत एक कारभारी असते. कर्नेल म्हनतात त्याले. तुम्ही कोर्टात होते नं, तसाच. जजसाहेब काही सोता कपाटातून फाइल काढत नाही. ते तुम्हाले सांगतात, तुम्ही चपराशाले. तसं कॅमेरा, माइक, स्पीकर, हे सगळे चपराशी. काम नसलं तं त्यायनं स्टुलावर बसून झोपलं पाह्यजे, नाहीतं फुकट बॅटरी खातात. अन् हाक मारली का ताडकन उठलं पाह्यजे. कोनं कधी झोपाचं अन् कधी उठाचं, ते मी लिहितो."

"म्हणजे तू चपराशी झोपवतोस."

"हाव."

"आमच्याकडे हे काम कोणी न लिहिता होत होतं."

त्याला विनोद कळायचा नाही. तो पुढे सुरूच. म्हणे, प्रत्येक यंत्राला किती जणांनी धरलंय ते मोजायचं. एकानं धरलं, एक. दुसऱ्यानं धरलं, दोन. ज्यानं धरलं त्यानं काम झाल्यावर सोडलं पाहिजे. शून्य झालं की यंत्र झोपवायचं. पण लगेच नाही, जरा थांबायचं, कारण झोपलेल्याला उठवण्यातही ताकद जाते. कोणी धरलं आणि सोडायला विसरला, तर यंत्र उगाच जागं राहतं आणि बॅटरी मरते. कोणी न धरताच सोडलं, तर मोजणी चुकते आणि दुसरा वापरत असतानाच यंत्र झोपतं.

"हे दुसरं लई वाईट," गिरीश म्हणाला. "पह्यल्यात बॅटरी जाते. दुसऱ्यात मानूस तोंडघशी पडते."

एका सकाळी तो पेढे घेऊन आला. मला वाटलं लग्न ठरलं. बायकोनं तर कुंकवाचा करंडा काढला. तर म्हणे परदेशातल्या कुणा बड्या माणसानं याची एक ओळ पसंत केली.

"काय लिहिलं होतंस?"

"लिहिलं नाही काका, खोडलं. कोन्या येड्यानं एक सोडनं जास्तीचं लिहिलं होतं, ते काढलं. आता लाखो लॅपटॉपात आवाज मधातच बंद पडनार नाही."

एक ओळ खोडली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे ओळी खोडणाऱ्याची चौकशी लागायची.

ही सगळी कर्नेलची कलमं तो राहत्या जगाला लावायचा, तिथे पंचाईत व्हायची. गणपतीत कॉलनीच्या मांडवात माइकचं काम त्याच्याकडे होतं. नगरसेवक भाषणाला उभे राहिले. एका वाक्यानंतर टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या काही येईनात. नगरसेवकही हट्टाचे, थांबूनच राहिले. गिरीशनं घड्याळ पाहिलं, माइक कोणी धरून नाही असा निष्कर्ष काढला आणि बंद करून टाकला. पुढची दहा मिनिटं ते नुसते हातवारे करत होते. त्या भाषणाला मात्र कडकडून टाळ्या पडल्या.

चिखलीला मुलगी पाहायला गेला तेव्हाची गोष्ट कमलवहिनींनी स्वतः मला भिंतीवरून सांगितली. मुलगी लाजून गप्प, हाही गप्प. जरा वेळ गेला आणि हा उठला, ट्यूबलाइट बंद केली आणि म्हणाला, "चला आई, झालं वाटते." वहिनी हे सांगताना पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांना दमा होता. हसल्या की खोकायच्या, आणि गिरीशमुळे त्यांना फार हसावं लागायचं.

त्या मायलेकांचं बोलणं ऐकायला मला आवडायचं. एकदा गिरीश सांगत होता की कर्नेलमध्ये यंत्रांनाही मायबाप असतात, आणि पोर जागं असेपर्यंत मायबापाला झोपता येत नाही, असा नियमच आहे.

"हे तुले लिहावं लागते काय रे?" वहिनी म्हणाल्या. "मले तं कोनी लिहून नाही देल्लं."

त्यांचा दमा वाढत चालला तसा गिरीश बेचैन व्हायला लागला. वरच्या खोलीत काम करताना त्याचं अर्धं लक्ष खाली असायचं. कधी बँकेत, कधी औषधाला बाहेर जावं लागलं तर पळत जायचा आणि पळत यायचा. मोबाइल वहिनींना जमला नाही. शेवटी त्यानं एक घंटी बनवली. वहिनींच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक बटण, आणि माझ्या हॉलमध्ये, बोर्डाच्या सॉकेटला लावलेला, हिरव्या दिव्याचा एक पांढरा डबा. बटण दाबलं की डबा ओरडणार.

बटण कायम झोपलेलं असायचं. दाबलं की क्षणात जागं होऊन डब्याला हाक मारायचं. डब्यानं ऐकलं की वहिनींच्या गळ्यात हिरवा दिवा लागायचा आणि बटण परत झोपायचं. गिरीशचा तो अभिमानाचा विषय होता. डबा लावताना मला म्हणाला, "काका, हा गप्प राहीन, पन रिकामा नाही बरं. याले हात नका लावू." मी होय म्हटलं. आता आठवतं ते असं की होय म्हणताना माझं लक्ष पेपरात होतं.

चार महिन्यांत तो डबा दोनदा ओरडला. पहिल्यांदा मी लुंगी सावरत भिंतीवरून उडी मारून गेलो, तर वहिनी पाटावर बसून साबुदाणा निवडत होत्या. "भाऊजी, एकादशी आज हाये का उद्या?" त्या दिवशी मी त्यांना फार बोललो. दुसऱ्यांदा दूध उतू गेलं होतं. त्यानंतर गिरीशनं आईला ताकीद दिली आणि डबा गप्प झाला. घरातली कुठलीही गोष्ट गप्प राहिली की काही दिवसांनी ती दिसेनाशी होते. तसा तो मला दिसेनासा झाला.

आता जे सांगायचं आहे, ते मी एक वर्ष कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

चैत्राचे दिवस होते. गिरीशची बहीण सुनंदा खामगावला दिलेली. तिच्या मुलीचा साखरपुडा होता. वहिनींना प्रवास झेपणार नव्हता आणि गिरीश त्यांना सोडून जायला तयार नव्हता. वहिनींनीच त्याला दटावलं, "एकुलता एक मामा हायेस, जा म्हनलं नं." सकाळी आठला नवा शर्ट घालून तो माझ्या फाटकाशी उभा राहिला. माझी बायको मेहकरला माहेरी गेलेली.

"काका, तुम्ही आज घरीच हाये नं?"

"घरीच आहे. जा तू निवांत. एक वाजता वहिनींनी मला जेवायला बोलावलंय, पिठलं-भाकरी."

तो निघाला, चार पावलं गेला, आणि माझ्या खिडकीतून आत पाहून परत आला.

"काका, हॉलमधला पंखा कोन धरून हाये?"

मी रागीट माणूस आहे. कोर्टात माझ्या रागाला वकीलही दबकून असत. बायको नाही, सकाळचा चहा स्वतः करून प्यायलेला, आणि हा पंख्याची चौकशी करतोय. माझं डोकं फिरलं. मी आत गेलो आणि बोर्डावर तळहात फिरवून होती नव्हती ती सगळी बटणं एका झटक्यात बंद केली. "घे! सगळं सोडलं! आता जातोस का खामगावला?" मी आतून ओरडलो. तो हसत हसत गेला.

सॉकेटचं बटण त्याच बोर्डावर होतं.

मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसलो. तिथून वहिनींची खिडकी पंधरा पावलांवर असेल. मास्तरांचा कूलर घरघरत होता. मी अग्रलेख वाचला, शब्दकोडं सोडवलं, थोडी डुलकीही काढली. एक वाजता हातपाय धुऊन जेवायला गेलो.

वहिनी खाटेपाशी जमिनीवर बसल्या होत्या, पाठ खाटेला टेकलेली. दम्याचा पंप घरंगळत कपाटाखाली गेलेला. उजव्या हातात ते बटण होतं आणि अंगठा अजून त्यावर दाबलेलाच होता. अंग गार लागलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक ताट वाढून, झाकून ठेवलेलं होतं. ते माझं होतं.

फोन करायला मी घरी धावलो. मोबाइल हॉलमध्ये होता. तो उचलताना माझी नजर डब्यावर गेली. त्याचा दिवा बंद होता. मग बोर्डावर गेली.

चौतीस वर्षांत मी किती जणांना पुराव्याशी खेळताना पाहिलं असेल, त्याची गणती नाही. रक्ताचे सदरे धुणारे, सह्या बदलणारे, आणि नंतर साहेबांसमोर निरागस चेहऱ्यानं उभे राहणारे. मी त्यांचा मनातून तिटकारा करत आलो. त्या दुपारी मी आधी सॉकेटचं बटण चालू केलं. डब्याचा हिरवा दिवा लागला. त्यानंतर मी फोन केला.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, तासभर आधी हाक मारली असती तर. गिरीश संध्याकाळी पोचला तेव्हा डॉक्टरांनी त्यालाही तेच सांगितलं. त्यांच्या हातात दुसरं काय होतं?

त्या दिवसांत मी रोज वाट पाहायचो. आज विचारील, उद्या विचारील, की काका, घंटी वाजली नाही का? गिरीशनं विचारलं नाही. तेरवीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, सगळे नातेवाईक बसलेले असताना तो स्वतःच उभा राहिला. भाषण करायची त्याला सवय नव्हती.

"आईनं बटन दाबलं होतं," तो म्हणाला. "पन ते उठलंच नाही. झोपलेल्या यंत्राले कोनं उठवाचं, तो हक्क आधी लिहून द्या लागते. तो द्याचा मी इसरलो. माह्या प्रोग्रॅममधली चूक हाये. दुसऱ्या कोनाची नाही."

सुनंदा उठली. तिनं भावाकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आईपेक्षा तुले बॅटरी मोठी झाली, दादा?" त्याच संध्याकाळच्या बसनं ती खामगावला गेली. राखी आली नाही. भाऊबीजेला त्यानं तिच्या घरी जायचं म्हणून शर्ट इस्त्री केला आणि गेला नाही. फोन केला तर ती उचलायची नाही.

कॉलनीनंही सोडलं नाही. ज्या मास्तरांचा मिक्सर त्यानं नीट करून दिला होता, तेच कोपऱ्यावर म्हणायचे, "बटनाच्या नादात मायले मारलं लेकानं." मी तिथे उभा असायचो.  घरी येऊन हातपाय धुवायचो.

गिरीश बदलला. आता त्याच्या घरात दिवसाढवळ्या सगळे दिवे चालू असायचे. वहिनींच्या खोलीतला पंखा रिकाम्या खाटेवर फिरत राहायचा. तो माझ्याकडे आला तरी बोर्डाकडे बघायचासुद्धा नाही. चपला काढायचा आणि नीट येऊन बसायचा. ज्या खोडीनं मला इतकी वर्षं वैताग आणला, ती गेली तेव्हा मला वाटलं, हा आता माझ्यावर एकदा तरी ओरडावा.

मी रोज संध्याकाळी पाचला त्याच्याकडे चहाला जायला लागलो. लोक म्हणायचे, पाहा, शेजारधर्म. मला ते ऐकून लाज वाटायची आणि तरी मी जायचो. तो दोन कप मांडूनच ठेवायचा. आम्ही फारसं बोलायचो नाही. एकदा मी विचारलं, काम कसं चाललंय. म्हणाला, चूक शोधून राह्यलो, काका. कोणती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, तो जी चूक शोधतोय ती कधीच सापडायची नाही. "तुम्हाले कसं माहीत?" ती म्हणाली. मी विषय बदलला.

वर्षश्राद्ध जवळ आलं. एका संध्याकाळी मी गेलो तर गिरीश मोबाइल हातात धरून बसला होता. सुनंदाचा निरोप होता, कुणा चुलत भावामार्फत आलेला. आईचं वर्षश्राद्ध मी इकडे खामगावला करते, दादानं येऊ नये.

"चालन," गिरीश म्हणाला. "पोरीनं केलं तरी पोचते." आणि उठून गॅसवर चहाचं भांडं ठेवलं.

त्याची पाठ माझ्याकडे होती. मान इतकी बारीक झाली होती की कॉलर सैल पडली होती. त्या मानेकडे बघून माझा बांध फुटला. मी सांगायला सुरुवात केली. पंखा, राग, बोर्ड, तळहात, एक वाजता गेलो ते, झाकलेलं ताट, आणि परत येऊन बटण चालू केलं तेसुद्धा. साक्षीदार सांगतो तसं क्रमानं सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुझं बटण उठलं होतं, गिरीश. ऐकणाऱ्याला मी मारून ठेवलं होतं."

तो वळला नाही. चहात साखर टाकली. ढवळली.

"माहीत हाये, काका."

त्यानं गॅस बारीक केला.

"बटन काय अन् डबा काय, दोघायचं सगळं वरच्या कॉम्प्युटरात लिहून जाते. आठ वाजून चार मिन्टाले डबा गेला. साडेअकरापासून आईनं अकरा खेपा बटन दाबलं. एक वाजून दहा मिन्टाले डबा परत आला." त्यानं गाळणी उचलली. "तेरवीच्या आधीच पाह्यलं म्या."

म्हणजे मी डबा बंद केल्याचं त्याला ठाऊक होतं, आणि तो गुपचूप चालू केल्याचंही. वर्षभर रोज पाचला माझ्यापुढे कप ठेवताना ठाऊक होतं.

"मग खोटं का बोललास? सगळ्यांदेखत? सुनंदा गेली ना तुझी!"

"पूरं खोटं नाही ते. डबा गेला तं मले कळलं पाह्यजे, एवढं लिहाचं राह्यलंच होतं. तीच चूक पाहून राह्यलो होतो, अजून कुठं कुठं राह्यली ते. अन् पंख्याचं बोलून तुम्हाले राग कोनं आनला? म्यानंच."

"ते सोड. माझं नाव का नाही घेतलंस?"

आता तो वळला. हातात गाळणी तशीच. इतका साधा चेहरा करून बोलला की मला आजही ते आठवलं की जेवण जात नाही.

"नाव घेतलं असतं तं तुम्ही इथं आले असते काय, काका? सुनंदाचं काय, थे बहीन हाये. रागावली तरी बहीनच राह्यते, आज ना उद्या येईनच. शेजारी गेला का गेला. मंग मी कोनाशी चहा पेऊ?"

मी खिशातून मोबाइल काढला. त्याच्या लक्षात आलं.

"नका लावू, काका. जाऊ द्या आता."

मी त्याचं ऐकलं नाही. सुनंदानं माझा नंबर पाहून उचलला. मी म्हटलं, सुनंदा, मध्ये बोलू नकोस, पूर्ण ऐक. परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. झाकलेल्या ताटापाशी माझा आवाज फाटला.

 ती म्हणाली, "तुम्ही घरीच होते काका, त्या दिवशी?"

"होतो."

"व्हरांड्यात?"

"व्हरांड्यात."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. मी त्याची तयारी करून बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "दादाले द्या."

मी मोबाइल गिरीशच्या हातात दिला. त्यानं कानाला लावला.   तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिथे आपलं काम नाही हे मला कळलं. मी उठलो, दारात येऊन चपला घातल्या. या घरात आपल्याला परत यायचं तोंड राहिलेलं नाही, असं मनाशी म्हणत पायरी उतरलो. फाटकाची कडी काढली.

"काका!"

तो दारात आला होता. मोबाइल कानालाच होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दुसऱ्या हातानं तो मला, लहान पोराला बोलावतात तसं, आत बोलावत होता.

"चहा गाळला म्या," तो म्हणाला. "दोन कप."

मी फाटक लावलं आणि परत आत जाऊन बसलो.